३०० चा प्लॅन, स्पीड अचानक ९४ वर येऊन बसलाय. वायफायवरही तेच, केबलवरही तेच

मंदगती

फायबर कनेक्शन आहे, प्लॅन ३०० एमबीपीएसचा. परवापर्यंत टेस्टला २९० ते ३१० यायचे. परवा दुपारी लाइट जाऊन आली आणि तेव्हापासून डाउनलोड ९३-९४ च्या पुढे जायला तयार नाही. अपलोडही बरोबर तेवढाच. सकाळी बघा, मध्यरात्री बघा, आकडा तोच.

मांडणी अशी: फायबर दाराजवळच्या ओएनटीत (कंपनीच्या फायबरच्या डब्यात) येते. तिथून साधारण १२ मीटर कॅट ५ई केबल कपाटामागून माझ्या स्वतःच्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत येतं त्यात) जाते. राउटर वायफाय ६ चा, सगळे पोर्ट गिगाबिट. ओएनटी ब्रिज मोडमध्ये आहे, म्हणजे नुसता सिग्नल पुढे देतो; पीपीपीओई (कंपनीच्या नाव-पासवर्डचं लॉगिन) राउटर करतो.

करून झालेलं: दोन्ही डबे बंद ठेवून पुन्हा चालू केले, राउटरचं फर्मवेअर नवं टाकलं, डीएनएस बदलला, वेगवेगळ्या साइटवर टेस्ट घेतली, फोन राउटरशेजारी धरून ५ गिगाहर्ट्झवर घेतली, लॅपटॉप राउटरला केबलने लावून घेतली. सगळीकडे ९४. पिंग ४-५ मिलिसेकंद, पॅकेट गळत नाहीत. हेल्पलाइनवाले म्हणतात, आमच्या बाजूने लाइन ओके आहे, राउटर बदलून बघा. बदलायच्या आधी नक्की काय तपासू?

खटपट्या

राउटर बदलू नका. तुमच्या प्रश्नातला ९४ हाच पुरावा आहे.

इथरनेटची लिंक (केबलीच्या दोन टोकांच्या यंत्रांमधला जोड) १०० एमबीपीएसला जुळली की प्रत्यक्षात मिळणारा वेग ९४ च्या आसपासच थांबतो. तारेवरून जाणारी पूर्ण लांबीची एक फ्रेम, तिच्या पुढची प्रस्तावना आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा धरून १५३८ बाइट खाते. त्यात तुमच्या कामाचा माल १४४८ ते १४६० बाइट. पीपीपीओई त्यातले आणखी ८ काढून घेतं. म्हणजे शंभरातले साधारण ९३.६ ते ९४.४ तुमच्या हाती. तुम्ही लिहिलेला आकडा हाच.

लाइनवर गर्दी असती तर आकडा दिवसभर हलला असता. वायफाय कमजोर असतं तर जागा बदलल्यावर बदलला असता. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही एकाच आकड्याला, तेही चोवीस तास, हे १०० च्या लिंकशिवाय सहसा होत नाही.

आता कुठली लिंक? लॅपटॉप आणि राउटरमधली केबल खराब असती तर फोनला वायफायवर ३०० मिळाले असते. फोनलाही ९४ म्हणजे दोघांच्या वाटेतला सामाईक तुकडा: ओएनटी ते राउटर. ती १२ मीटर केबल, तिचे दोन प्लग आणि दोन पोर्ट. शोधायची जागा एवढीच.

खात्री कशी करायची ते सांगतो. राउटरचं पान उघडा (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), स्टेटसमध्ये वॅन पोर्टाचा लिंक स्पीड बघा. काही राउटर तो दाखवतच नाहीत. मग पोर्टावरचा दिवा. पुष्कळ यंत्रांत गिगाबिटला एक रंग आणि १०० ला दुसरा असतो, पण कुठला कशाला हे बनावटीप्रमाणे बदलतं, तेव्हा माहितीपत्रक बघून ठरवा. तेही हाताशी नसेल तर राउटर उचलून ओएनटीशेजारी न्या, एक मीटरची तयार पॅच कॉर्ड लावा आणि टेस्ट घ्या. तिथे ३०० आले की दोषी केबलच.

लॅपटॉप थेट ओएनटीला लावायचा मोह होईल. ओएनटी ब्रिजमध्ये असल्यामुळे नुसती केबल खुपसून नेट येणार नाही, लॅपटॉपवर पीपीपीओई डायल करावं लागेल. आणि कंपनीने मॅक पत्ता (यंत्राची ओळख-संख्या) बांधून ठेवला असेल तर तेही चालायचं नाही. पण लिंक कितीला जुळली एवढंच बघायला नेट लागतच नाही. विंडोजवर विन आणि आर एकत्र दाबा, एनसीपीए.सीपीएल लिहा, इथरनेटवर डबल क्लिक करा. 'स्पीड'समोर १.० जीबीपीएस आहे की १००.० एमबीपीएस, ते लगेच दिसतं. मात्र लॅपटॉपला गिगाबिट पोर्ट आहे ना ते आधी बघा. यूएसबीला लावायचे स्वस्त अडॅप्टर पुष्कळदा १०० चेच असतात आणि मग भलतीच दिशाभूल होते.

महिन्याची डेटामर्यादा संपली असेल किंवा कंपनीने चुकून १०० च्या प्लॅनवर टाकलं असेल तरी आकडा याच्या जवळपास येऊ शकतो. त्यामुळे लिंकचा आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय केबलला कात्री लावू नका. आणि डीएनएस बदलून डाउनलोडचा वेग वाढत नाही. साइटचा पत्ता सापडायला लागणारा वेळ तेवढा बदलतो.

आठतारा

वरचं निदान बरोबर वाटतं. केबलबद्दल थोडं सविस्तर.

१०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात: पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. ४, ५, ७, ८ यांपैकी एक तार जरी तुटली किंवा पिनला नीट टेकली नाही तरी नेट चालू राहतं, पिंग छान येतं, पॅकेट गळत नाहीत. फक्त छप्पर १०० वर येतं. टी५६८बी रंगक्रमात ४-५ म्हणजे निळी जोडी आणि ७-८ म्हणजे तपकिरी. तुमच्या केबलीत यांपैकीच एक मेली असणार.

मग लाइट जाईपर्यंत सगळं ठीक कसं होतं? दोन्ही टोकांची यंत्रं वेग ठरवण्याची बोलणी फक्त पहिल्या दोन जोड्यांवर करतात. दोघांनाही गिगाबिट येतं म्हटल्यावर चारही जोड्यांवर जुळवाजुळव सुरू होते. ती काही वेळा फसली की चिप आपणहून एक पायरी खाली उतरते आणि १०० ला लिंक धरते. ही सोय नसलेल्या यंत्रांत लिंक येतच नाही, दिवा नुसता लागतो-विझतो. जेमतेम टेकलेली तार चालू लिंकमध्ये निभावून जाते. डबे बंद होऊन पुन्हा बोलणी झाली की उघडी पडते. त्यामुळे 'लाइट गेली आणि बिघडलं' हे खरं असलं तरी केबल आधीपासूनच आजारी असू शकते.

तुटण्याची नेहमीची जागा म्हणजे प्लगमागचे पहिले दोन-तीन सेंटिमीटर. कपाट भिंतीकडे सरकवलं की केबल तिथेच काटकोनात दुमडते. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट तरी हवी, म्हणजे कॅट ५ईला साधारण अडीच सेंटिमीटर. दुसरी जागा, खिळ्याच्या क्लिपा करकचून ठोकलेल्या असतात तिथे. तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर दोन-चारदा वाकवली की आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही कळत नाही. तुटक्या टोकाला नखाने खरवडून बघा: आत चंदेरी दिसलं तर ती केबल दुरुस्तीच्या लायकीची नाही, पूर्ण बदला.

टेस्टरबद्दल. एकामागून एक आठ दिवे लावणारा स्वस्त टेस्टर तुटलेली तार बरोबर दाखवतो. जोडी फुटलेली असेल तर मात्र तो फसतो. दोन्ही टोकांना कोणी निळा-निळा, हिरवा-हिरवा असे रंग सरळ शेजारी लावले असतील तर आठही दिवे शिस्तीत लागतील, पण ३ आणि ६ एका पिळातल्या राहणार नाहीत. मग तारा एकमेकींचा गोंगाट उचलतात आणि लांब केबलीवर गिगाबिट टिकत नाही. म्हणून प्लगच्या पारदर्शक अंगातून रंग वाचा. क्रम असा हवा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. प्लगची खिट्टी खाली आणि तोंड तुमच्यापासून लांब धरलं की १ नंबर डावीकडे येतो.

प्लग नव्याने मारायचा असेल तर:

जुन्या प्लगमागे चार-पाच सेंटिमीटर सोडून कापा. दुमडलेला भाग त्यातच जाऊ दे. बाहेरचं आवरण अडीच सेंटिमीटर सोला आणि आतल्या तारांना पात्याचा चरा गेलाय का ते बघा. चरा असेल तर पुन्हा कापा, 'चालेल' म्हणू नका. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडवायचा नाही, म्हणून तारा सरळ करून क्रमाने लावल्यावर पुढचा जादा भाग एका सरळ रेषेत छाटून टाका. प्लगमध्ये सरकवा. समोरून बघितल्यावर आठही तारांची टोकं भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि मागे बाहेरचं आवरण प्लगच्या दाबपट्टीखाली गेलेलं पाहिजे. हे दुसरं पुष्कळ लोक विसरतात. आवरण बाहेर राहिलं की सगळा ताण आठ बारीक तारांवर येतो आणि पुन्हा हीच कथा. मग क्रिंपर (प्लग दाबून बसवायचं अवजार) पूर्ण दाबा, कट्ट आवाज येऊन दांडा आपोआप सुटेपर्यंत.

प्लग घेताना आपली केबल एकसंध तारेची आहे की बारीक तंतूंची ते सांगा. तंतूंच्या तारेसाठीचा प्लग मधोमध टोचतो. एकसंध तारेवर त्याचं पातं कधी धरतं, कधी घसरतं. खरं तर भिंतीतून कायमची गेलेली केबल प्लगमध्ये संपवूच नये. तिथे खाचेत तार ठोकायचा जॅक बसवावा आणि पुढे छोटी पॅच कॉर्ड वापरावी.

शंकेखोर

केबल कापायच्या आधी पोर्ट बघा. लोक क्रिंपर घेऊन बसतात आणि दोष दोन बोटं पलीकडे असतो.

पहिली गोष्ट: पुष्कळ ओएनटींना चार लॅन पोर्ट असतात, पण त्यातला एकच गिगाबिट आणि बाकीचे तीन १०० चे. बहुतेक वेळा पहिला. त्याच्यावर 'जीई' असं काहीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, इतरांवर 'एफई'. लाइट गेल्यावर घरात कोणी केबल काढून भलत्या पोर्टात घातली तर सगळी लक्षणं हुबेहूब तुमच्यासारखीच. पण ब्रिज मोडमध्ये नेट एकाच ठरावीक पोर्टावर बांधलेलं असू शकतं. म्हणून पोर्ट बदलल्यावर नेट आलं नाही तर घाबरू नका, परत पहिल्यात घाला.

दुसरं, वाटेत काही बसवलंय का? जुना १०० चा स्विच, कॅमेऱ्याला वीज द्यायचा साधा इंजेक्टर, किंवा एका केबलीतून दोन यंत्रं चालवणारा वाय आकाराचा फाटा. तो फाटा ४-५ आणि ७-८ या जोड्या दुसऱ्या यंत्राला देऊन टाकतो, त्यामुळे दोघांनाही १०० च्या वर कधीच मिळत नाही.

तिसरं, पोर्टाच्या आतल्या आठ सोनेरी स्प्रिंगा मोबाइलच्या टॉर्चने बघा. एखादी खाली दबलेली किंवा हिरवट पडलेली असेल तर नवा प्लग मारूनही उपयोग नाही. लाइट परत येताना झटका बसून पोर्टाची एखादी जोडी जाते, हेही होतं. हे ओळखायला तीच केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टात. बऱ्याच राउटरवर लॅन पोर्टाला वॅन नेमता येतं.

चौथं, कुठल्याही बाजूला वेग हाताने '१०० फुल' असा पक्का केलेला नको. एका बाजूने पक्का आणि दुसरी बाजू ऑटोवर, असं झालं की ऑटोवाली बाजू हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने बोलणं) धरते. मग पिंग ठीक, पण जरा भार आला की वेग कोसळतो. तुमचा ९४ स्थिर आहे त्यामुळे हे नसावं, पण सेटिंग बघायला काय जातंय.

मंदगती

बघितलं सगळं. राउटरच्या वॅन स्टेटसमध्ये '१०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स'. केबल ओएनटीच्या पहिल्याच पोर्टात आहे, त्यावर जीई लिहिलंय. राउटर दाराजवळ नेऊन एक मीटरची कॉर्ड लावली तर लिंक १००० आणि टेस्टला ३०४. म्हणजे पोर्ट दोन्ही धडधाकट. टेस्टर लावला तर ७ नंबरचा दिवा लागत नाही. प्लगजवळ केबल हलवली की मधेच लुकलुकतो. कपाटामागचं टोक नव्वद अंशात दुमडलेलंच होतं. तार खरवडल्यावर तांबंच दिसतंय. टोक कापून नवा प्लग मारला, आठही दिवे लागले, लिंक १०००, स्पीड ३००-३०५.

आता पुन्हा असं होऊ नये म्हणून आणखी काही?

आठतारा

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा किंवा केबल बाजूने वळसा घालून आणा.

एक तपासणी अजून करा. लिंक १००० दिसली म्हणजे केबल निरोगी असं नाही. राउटरच्या पानावर पोर्टाची आकडेवारी असेल तर त्यात सीआरसी किंवा आरएक्स एरर असा (बिघडून आलेल्या पॅकेटांचा) रकाना असतो. आकडा लिहून ठेवा, एखादी मोठी फाइल उतरवा, पुन्हा बघा. चांगल्या केबलीवर तो शून्यावरच राहतो. प्रत्येक डाउनलोडला वाढत असेल तर दुसऱ्या टोकाचा प्लगही बदला.

संध्याकाळी_लटकतं

याच धाग्यात विचारतो. माझं थोडं वेगळं आहे. प्लॅन २०० डाउनलोड, २० अपलोड. दिवसा १८०-१९० येतात. संध्याकाळी सातनंतर १५ ते २०, कधी ६० आणि व्हिडिओ कॉल अडखळतात. दहा-अकराला परत ठीक. सगळी यंत्रं वायफायवर. ही कंपनीकडची गर्दी समजायची ना?

डेसिबल

असू शकते, पण एवढ्यावरून ठरत नाही. संध्याकाळी तीन गोष्टी एकदम वाढतात: आजूबाजूच्यांचं वायफाय, तुमच्याच घरातला वापर आणि कंपनीच्या लाइनवरची गर्दी. स्पीड टेस्ट तिन्हींची एकत्र बेरीज दाखवते, म्हणून तिच्यावरून भांडायला गेलात तर हेल्पलाइन तुम्हाला 'राउटर रीस्टार्ट करा' सांगून मोकळी होते. तुकडे पाडून मोजा.

संध्याकाळी, त्रास चालू असताना, दोन खिडक्यांत पिंग सतत चालू ठेवा. विंडोजवर ते चार वेळा जाऊन थांबतं, शेवटी '-टी' जोडलं की थांबत नाही. एक राउटरला, १९२.१६८.१.१ किंवा तुमचा जो पत्ता असेल तो. दुसरं बाहेर, ८.८.८.८ ला. हे आधी वायफायवर करा, मग लॅपटॉप केबलने राउटरला लावून करा.

राउटरपर्यंतचं पिंग केबलवर १ मिलिसेकंदाच्या आत हवं, चांगल्या वायफायवर २ ते ५. वायफायवर तेच मधेमधे १०० किंवा २०० वर उडी मारत असेल तर दोष घरातल्या हवेत आहे, कंपनीला फोन करून काही होणार नाही. राउटरपर्यंत स्वच्छ, बाहेर मात्र खराब, आणि घरात दुसरं काही चालू नसताना केबलवरही खराब, तर लाइन. घरात शांतता असताना ठीक, पण कोणी काही पाठवायला लागलं की बाहेरचं पिंग १० वरून ३०० वर, तर तुमचीच अपलोडची रांग तुंबतेय.

हे तिसरं कारण लोकांच्या ध्यानातच येत नाही. डाउनलोड होताना तुमच्या बाजूने सतत पोचपावत्या वर जात असतात. दोन पॅकेटला एक पावती धरली तर २०० च्या डाउनलोडला ४-५ एमबीपीएस अपलोड नुसत्या पावत्या खातात. आजची यंत्रं त्या एकत्र करतात म्हणून प्रत्यक्षात कमी लागतं. अपलोडच २० चा. संध्याकाळी माणसं घरी येतात, फोन चार्जिंगला लागतात आणि फोटोंचा बॅकअप नेमका 'चार्जिंग आणि वायफाय' या दोन अटींवर सुरू होतो. वीसच्या वीस भरले की पावत्या मागे रांगेत, पावत्या अडल्या की समोरचा सर्व्हर पाठवायचं कमी करतो. तुम्हाला दिसतो तो पडलेला डाउनलोड, दोष मात्र अपलोडमध्ये.

लाइनचा संशय आला तर ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल आरएक्स पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. जीपॉनच्या (घरगुती फायबरच्या एका पद्धतीच्या) नेहमीच्या ओएनटीला साधारण −८ ते −२७ डीबीएम चालतं. −१५ ते −२४ निवांत. प्रत्येक ३ डीबी घटला की प्रकाश निम्मा होतो, पण प्रकाश निम्मा झाला म्हणून स्पीड निम्मा होत नाही. चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बराच वेळ सांभाळून घेते आणि मर्यादेपाशी आल्यावर एकदम हात टेकते. त्यामुळे −२१ आहे म्हणून स्पीड कमी, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तुमचाच आकडा पूर्वी −१९ होता आणि आता −२६ झालाय, तर मात्र वायर कुठेतरी वाकलीय किंवा कनेक्टर मळलाय. वाकण्याचा फटका लांब तरंगलांबीला जास्त बसतो. म्हणून तुमच्याकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश आधी पडतो, जाणारा १३१० चा बरा राहतो आणि कंपनीकडे 'सगळं ठीक' दिसू शकतं. हिरव्या कनेक्टरचं टोक बोटाने पुसायचं नाही, आणि त्यात डोळा घालून बघायचं नाही. तो लेसर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

खटपट्या

यात भर. रांग तुंबत असेल तर राउटरमध्ये एसक्यूएम, एफक्यू-कोडेल किंवा केक असं काही (रांग आवरणारी सोय) आहे का बघा. अपलोड मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांना बांधा, म्हणजे २० मिळत असतील तर १८. मग रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरात लागते आणि राउटर छोट्या पावत्या, कॉलची पॅकेटं आधी सोडतो. दोन एमबीपीएस गेले तरी कॉल सुधारतो.

जुन्या पद्धतीचं 'क्यूओएस' (कुठल्या वापराला आधी वाट द्यायची ते ठरवणारं) बटण मात्र उगाच दाबू नका. ते चालू केलं की बऱ्याच राउटरांत पॅकेट हाताळायची हार्डवेअरची वाट बंद होते आणि सगळं काम प्रोसेसरवर येतं. फर्मवेअर नवं टाकल्यावर स्पीड पडला, अशा तक्रारींतही हे तपासावं: क्यूओएस, पालक-नियंत्रण किंवा वापराची मोजदाद आपोआप चालू झालीय का. एसक्यूएमही प्रोसेसर खातंच, पण २०० पर्यंत आजचे बहुतेक राउटर पेलतात.

संध्याकाळी_लटकतं

साडेआठला मोजलं.
वायफायवर राउटरपर्यंत: ३, ४, ११०, २४०, ६, ९०, असं नाचतंय.
केबलवर राउटरपर्यंत: १ च्या आत, स्थिर.
केबलवर स्पीड: १८५, तोही साडेआठलाच. बाहेरचं पिंग ९.
मुद्दाम मोठी फाइल वर पाठवली तेव्हा बाहेरचं पिंग ३१० आणि डाउनलोड ४० वर.
आरएक्स पॉवर −२०.
राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांचं (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) नाव एकच आहे. लॅपटॉप २.४ वर जोडलेला दिसतो, चॅनेल ४, रुंदी ४०. राउटरला फोटोंची यूएसबी ३ डिस्क लावलेली असते.

डेसिबल

कंपनी सुटली. साडेआठला केबलवर १८५ आणि पिंग ९ म्हणजे लाइनवर गर्दी नाही. तुमच्याकडे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्ही संध्याकाळीच भेटतात.

अपलोडचं वर सांगितलंय: १८ ला बांधा. ती सोय राउटरात नसेल तर फोटोंच्या बॅकअपला रात्री एकनंतरची वेळ द्या, जिथे ॲप तसं करू देतं तिथे. नाहीतर ॲपमध्ये अपलोडला मर्यादा घाला.

वायफायचं असं. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. चॅनेल ४ वर बसलात की १ वाल्यांचाही गोंगाट आणि ६ वाल्यांचाही. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात; अर्धवट चढलेले बोलत नाहीत, नुसते आवाज वाढवतात. त्यात रुंदी ४० ठेवली की जवळजवळ सगळी पट्टी तुम्ही व्यापता आणि सगळ्यांचा त्रास अंगावर घेता. २.४ ला रुंदी २० करा. १, ६, ११ पैकी संध्याकाळी ज्याच्यावर कमी गर्दी दिसेल तो निवडा. दुपारी निवडलेला चॅनेल संध्याकाळी उपयोगाचा असेलच असं नाही.

यूएसबी ३ ची डिस्क २.४ च्या पट्टीतच गोंगाट करते, हे जुनं दुखणं आहे. ती काढून टाका, नाहीतर निदान मीटरभर चांगल्या आवरणाच्या केबलीने अँटेनापासून लांब न्या.

लॅपटॉप आणि फोन ५ वर हलवा. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, लॅपटॉपमधून २.४ चं नाव विसरायला सांगा. ५ ला रुंदी ८०. चॅनेल ३६ ते ४८ पासून सुरुवात करा. ५२ ते १४४ रडारबरोबर वाटून घ्यायचे आहेत: तिथे राउटर सुरू होताना निदान मिनिटभर नुसतं ऐकत बसतो, आणि रडारची चाहूल लागली तर चॅनेल सोडून अर्धा तास परत येत नाही. 'वायफाय अचानक गायब होऊन परत येतं' ही तक्रार पुष्कळदा यातूनच निघते.

सिग्नल लॅपटॉप जिथे ठेवता तिथे मोजा. −५० ते −६० डीबीएम उत्तम, −६७ पर्यंत कॉल नीट चालतात, −७५ नंतर लिंकचा वेग पायरीपायरीने उतरतो. मॅकवर ऑप्शन दाबून वायफायच्या खुणेवर क्लिक केलं की हा आकडा दिसतो. अँड्रॉइडला वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप चालेल. त्या खोलीत ५ चा सिग्नल −७५ च्या खाली असेल तर रिपीटरच्या भानगडीत पडू नका. पुष्कळ रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतात आणि त्याच्यावरच बोलतात, म्हणून वेग निम्मा होतो. त्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय पुरवणारा डबा) लावा. आणि केबल ओढल्यावर तिची लिंक १००० आहे का ते बघा, नाहीतर मंदगतींच्या पंगतीला बसाल.